रिकामं खोकं

माझ्या बाबांना त्या दिवशी शर्ट बदलायला लावला.

एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीचा हॉल. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या गरीब मुलांचा सत्कार. सत्कार करणारं मंडळ तिथल्याच निवृत्त आणि नोकरदार माणसांचं. मंडळाचे अध्यक्ष मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणत. मीही म्हणायचे.

बाबा ठेवणीतला पांढरा शर्ट घालून आले होते. आईने सकाळी शेजाऱ्यांकडून इस्त्री आणून तो कडक केला होता. साहेबांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चिटणिसांकडे वळून म्हणाले, "हे असे आले तर लोकांना कळणार कसं?"

मग बाबांना म्हणाले, "अरे, गोदामातला शर्ट नाही का तुझ्याकडे? तो घाल. फोटोला तेच बरं दिसतं."

शर्ट होता. पिशवीत. कार्यक्रम संपला की बाबांना कामणला दुसऱ्या पाळीला जायचं होतं. ते तिथल्या एका गोदामात हमाल आहेत. निळा शर्ट, पाठीवर ठेकेदाराचं नाव, खांद्यावर घामाचे पांढरे डाग.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, बदला.

हे आधीच लिहून टाकते. पुढे साहेबांबद्दल लिहिण्याच्या भरात ते राहून जाईल, किंवा मी राहू देईन. मान मी हलवली होती.

बाबांनी वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन शर्ट बदलला. पांढरा शर्ट नीट घडी करून पिशवीत ठेवला. तेवढ्यात कुणाला तरी सुचलं की हातात काहीतरी हवं. सत्काराच्या बॅगा ज्या खोक्यातून आल्या होत्या ते खोकं रिकामं पडलं होतं. ते बाबांच्या खांद्यावर दिलं. मी शेजारी उभी, अंगावर शाल, हातात नारळ. फोटोग्राफर म्हणाला, "काका, थोडं जड असल्यासारखं करा."

बाबांनी केलं. मान वाकडी केली, गळ्याच्या शिरा ताणल्या. रिकाम्या खोक्याखाली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

मग माईक माझ्यापुढे आला. साहेबांनी विचारलं, "सांग बेटा, पुढे काय करायचं ठरवलंयस?"

मी म्हणाले, "गणितात पदवी. विद्यापीठात."

"गणित?" साहेब हसले. "छान. म्हणजे बाबांची खोकी मोजायची सोय झाली."

सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेतल्या बायका हसल्या, मागे बसलेली माझ्यासारखीच मुलं हसली. मी बाबांकडे पाहिलं. खोकं अजून खांद्यावर होतं. बाबाही हसत होते.

मी माईकमध्ये "धन्यवाद" म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना विचारलं, "तुम्ही का हसलात?"

"सगळे हसले का आपन पन हसायचं असतं, बाय," बाबा म्हणाले. "गोदामात तसंच असतं. न हसनाऱ्याला दुसऱ्या दिवशी जड माल देतात."

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. गणित कुठून आलं, असं मला पुष्कळ जण विचारतात. गोदामातूनच आलं. लहानपणी सुट्टीत बाबांचा डबा घेऊन मी तिथे जायचे. खोक्यांची थप्पी लावताना बाबा एका थरात पाच खोकी बसवायचे. तीन उभी शेजारी शेजारी, दोन आडवी त्यांच्या टोकाशी. वरच्या थरात सगळं उलट. म्हणजे थर एकमेकांना धरून ठेवतात आणि थप्पी कोसळत नाही. पण काही खोकी अशी बसतच नसत. कडेला फट राहायची. बाबा खोकं हातात घेऊनच सांगायचे, "हे नाय बसनार."

सहावीत असताना मी वहीत आकृती काढली. तीन खोक्यांची रुंदी आणि दोन खोक्यांची लांबी सारखी व्हायला हवी. म्हणजे लांबी रुंदीच्या दीडपट. खोकं केवढंही असो, साबणाचं असो की पंख्याचं. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते मला माहीत हाय. हाताला समजतं."

त्यांना ते माहीत होतं. पण जी खोकी अजून कुणी बनवलीच नाहीत, त्यांच्याबद्दलही मला आता ते माहीत होतं. त्या दिवशी जे वाटलं ते परत परत वाटावं, एवढंच मला हवं होतं. माईकवर हे सांगता आलं असतं.

विद्यापीठ निवडायला घरात कुणी नव्हतं. मी फोनवर अभ्यासक्रम उघडून वाचायचे. अर्ध्याहून जास्त शब्द कळायचे नाहीत. पण कुठल्या विद्यापीठाच्या यादीतले न कळणारे शब्द जास्त आहेत ते बघायचे. माझी निवडीची पद्धत तीच होती. जवळच्या एका कॉलेजातही जाऊन आले. तिथे गणिताचे एक सर भेटले. त्यांनी मला समोर बसवलं आणि खरं सांगितलं. "तिसऱ्या वर्षाला इथे गणित घेणारे दोघंच आहेत. पुढच्या वर्षी विषय राहील की नाही, मलाच माहीत नाही. पदवी हवी असेल तर ये. गणित हवं असेल तर लांब जा." मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मी एका लांबच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. वसतिगृह, पाच वर्षांचा अभ्यासक्रम.

सत्कारानंतर आठवड्याभरात यादी लागली. यादीत माझं नाव होतं. मूळ कागदपत्रं घेऊन शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हजर राहायचं. ते वाचलं तेव्हा बुधवार होता. मी कागदांची पिशवी काढली. आत शाळा सोडल्याचा दाखला होता, गुणपत्रिका होती. दोन्ही झेरॉक्स.

बाबांना विचारलं. मी प्रवेश परीक्षेला गेले होते त्या दिवशी मंडळाचे चिटणीस घरी आले होते. मंडळ मला शैक्षणिक दत्तक घेणार, त्यासाठी कागद हवेत, असं म्हणाले. बाबांनी मूळ कागद त्यांना दिले आणि झेरॉक्स घरात जपून ठेवली.

"ओरिजिनल का दिलंत?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "कामाला ठेवतात तेव्हा ओरिजिनलच घेतात ना. मुकादम काम सुटेपर्यंत देत नाय."

गोदामात तसंच आहे. नवा माणूस आला की मुकादम त्याचा मूळ कागद ठेवून घेतो, म्हणजे माणूस मधेच पळत नाही. वीस वर्षं बाबांनी हेच पाहिलेलं. आपल्याला जो ठेवून घेतो त्याच्याकडे आपला कागद राहतो. दत्तक म्हणजे तसंच काहीतरी, असं त्यांना वाटलं. तेव्हा मला त्यांचा राग आला. पुढे लक्षात आलं, त्यांनी मंडळाला अगदी बरोबर ओळखलं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही साहेबांच्या घरी गेलो. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. साहेबांनी दार उघडलं, आत घेतलं. ते सोफ्यावर बसले. बसा म्हणाले नाहीत. आम्ही उभेच राहिलो.

मी म्हणाले, "माझा दाखला आणि गुणपत्रिका हवी होती."

"कशाला? प्रवेश झालाय तुझा. चंदनसारला आपल्या ओळखीच्यांचं नवीन कॉलेज आहे. लॉजिस्टिक्सची पदवी. तीन वर्षांनी तुझ्या बाबांच्याच गोदामात ऑफिसात बसशील, एसीत. अजून काय हवं?"

"मी अर्ज केलेला नाही."

"वडिलांनी केलाय. ही सही बघ."

सही बाबांचीच होती, चिटणीस कागद न्यायला आले तेव्हा घेतलेली. कागद इंग्रजीत होता.

साहेब रागावले नाहीत. शांतपणे समजावत होते. "बेटा, गणित बिणित ही ज्यांच्या घरी दोन पिढ्या शिकल्यात त्यांची चैन. तुला आधी पायावर उभं राहायचंय. मुलगी आहेस, घराजवळ बरी. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

खोटं कशाला लिहू. हेच मी स्वतःला कितीदा म्हटलं होतं, जवळपास याच शब्दांत. अजून दोन मिनिटं ते तसेच बोलत राहिले असते तर मी मान हलवली असती. ती सवय मला होतीच.

पण साहेबांना बॅनर दाखवायचा होता. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स त्यांनी जमिनीवर उलगडला. "हे बघ, छापून आलाय. देणगीदारांना फोटो गेले. आता मी त्यांना काय सांगू?"

बॅनरवर मी होते, शाल आणि नारळ. शेजारी निळ्या शर्टात बाबा. खाली मोठ्या अक्षरांत, हमालाची लेक, आमची दत्तक कन्या. बाबांच्या गळ्याची शीर माझ्या बोटाएवढी दिसत होती. गोदामात भरलेल्या गोण्या उचलून ठेवताना मी त्यांना पाहिलंय. तेव्हाही त्यांचा चेहरा असा होत नाही.

मी म्हणाले, "साहेब, हे खोकं रिकामं होतं."

"काय?"

"रिकामं होतं. तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं." मी हात पुढे केला. "दाखला माझ्या नावाचा आहे. तो द्या. मला उद्या पोचायचंय."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. "समजव हिला. उद्या काही नडलं तर कोण उभं राहणार आहे तुझ्या पाठीशी?"

बाबांनी बॅनरकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, कागद तिचा हाय. माझ्याकडून चुकून दिला गेला. परत द्या."

आणि ते सोफ्यावर बसले. साहेबांच्या समोर. पिशवी मांडीवर घेऊन. "देईपर्यंत मी हितंच बसतो," म्हणाले.

साहेबांनी आतल्या खोलीत जाऊन दोन-तीन फोन केले. घड्याळ समोरच होतं, वीस मिनिटं गेली. मग पाकीट आलं. ते देताना साहेब म्हणाले, "तुम्हा लोकांचं हे असंच. वर काढायला जावं तर हात चावता."

मी पाकीट उघडून दोन्ही कागद तिथेच तपासले. उभ्याने नाही. मीही बसून तपासले.

आम्ही रिक्षा थांब्यावर आलो. तिथे मी म्हणाले, "त्या दिवशी शर्ट बदलायला नको होता."

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी नसता बदलला. तू मान हलवलीस म्हनून बदलला."

त्या एका वाक्याला आता वर्ष होऊन गेलं. ते अजून माझ्याबरोबर आहे.

मी विद्यापीठात गेले. सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या सत्रात एका विषयात नापास झाले. वर्गातल्या काही मुलांच्या घरी आईवडील प्राध्यापक आहेत. ती जे शब्द जेवताना ऐकत मोठी झाली ते मी रात्री पाठ करते. कधी कधी वाटतं, साहेब बरोबर होते की काय. मग पुन्हा पुस्तक उघडते. चुकले तर ही चूक माझी असेल. दुसऱ्या कुणाच्या सहीची नसेल.

बॅनर त्यांनी लावलाच. छापून झाला होता ना. कामणच्या रस्त्याला वर्षभर होता. बाबा रोज त्याच्याखालून पाळीला जात. बरोबरचे हमाल चेष्टा करत. "काय रे, आमच्यासमोर तर असं तोंड करत नाय कधी. काय भरलं होतं त्यात?" बाबा सांगायचे, "हवा." हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. हसत सांगितलं. या वेळचं हसू वेगळं होतं, पण म्हणून मला बरं वाटलं असं नाही.

मागच्या महिन्यात चिटणिसांचा फोन आला. यंदाच्या सत्काराला या, मुलांना प्रेरणा मिळेल, जमलं तर वडिलांनाही आणा. झालं गेलं विसरून जा, म्हणाले. मी म्हणाले, "येते. बाबा पांढऱ्या शर्टात येतील आणि पहिल्या रांगेत बसतील. माईक दिलात तर मी त्या खोक्यात काय होतं ते सांगेन." ते म्हणाले, विचारून कळवतो. कळवलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

यंदा आमच्या गावातल्या दोन मुली बारावी झाल्या. एकीला नर्सिंगला जायचंय, एकीला अजून काही ठरवता येत नाही. मंडळाची माणसं दोघींच्या घरी येऊन गेली. मी सुट्टीत आले तेव्हा दोघींच्या बापांना जाऊन भेटले. मला नीट बोलता येत नाही. तरी बोलले. मुलीला काय शिकायचंय ते तिला विचारा. न कळणाऱ्या कागदावर सही करू नका, मला फोन करा, मी वाचून सांगते. ओरिजिनल घरात ठेवा, झेरॉक्स द्या.

आणि शर्ट बदलायला सांगितलं तर बदलू नका. मुलीने मान हलवली तरी बदलू नका.