शेवटची पानं नसलेला रातवा

"पल्पर उपाशी का आहे?" मी ओरडतच सॉर्टिंगच्या शेडमध्ये शिरलो.

पल्पर म्हणजे रद्दीचा अवाढव्य मिक्सर. त्यात रद्दी आणि पाणी घालायचं, लगदा करायचा, आणि त्या लगद्याचा पुढे मशीनवर कागद. तारापूरच्या एमआयडीसीत आमची खोक्यांच्या तपकिरी कागदाची मिल होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी शिफ्ट इन्चार्ज होतो. रद्दी परदेशातून गठ्ठे बांधून यायची. शेडमधल्या बायका ती निवडायच्या. पिना, प्लास्टिक, मेणकागद बाजूला, उरलेलं पल्परमध्ये. त्या दिवशी कुणी काही निवडत नव्हतं. सगळ्या एकाच कागदावर वाकल्या होत्या.

"ओरडा मंग, सायेब," कुंभवलीची जानकी म्हणाली. ती त्या शेडची अघोषित मॅनेजर. "आदी सांगा, ह्यो मानूस रडतो हाय का हसतो हाय?"

इंग्रजी कॉमिक होतं. न खपलेल्या अंकांची कव्हरं फाडून बाकीचं रद्दीत घालायची तिकडची पद्धत, त्यामुळे नाव-गाव काही नाही. पँटवरून चड्डी घालून उडणाऱ्या त्या वीरांचा मला मनस्वी तिटकारा. मी ते हिसकावून घेतलं आणि बायकांना कामाला लावलं. चहाच्या वेळी सहज उघडलं आणि चहा गार झाला.

पहिल्या पानावर एक माणूस शर्टाचं बटण लावतोय. पानभर चौकटी, आणि बोटं ऐकत नाहीत. शेवटी तो बटण उघडंच ठेवतो आणि वरून काळा मुखवटा चढवतो. हा त्या शहराचा रक्षक. त्याला कुणी नेमलेलं नाही, उलट पोलीसच मागावर. साथीदाराला आगीतून ओढताना याचा हात कामातून गेला आणि साथीदारही वाचला नाही. तरी हा रोज रात्री गच्च्यांवरून फिरतो. मार खातो. एकदा भलत्याच माणसाला बडवतो आणि मग अंधारात त्याच्याशेजारी बसून माफी मागतो. मी वाफ आणि पंप यांच्यात आयुष्य घालवलेला माणूस, पण निम्म्यावर असताना भोंगा झाला तेव्हाच भानावर आलो. आमच्या रद्दीत असं काही निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये ते मराठी करून वाचू लागलो. बायकांनी त्याचं नाव ठेवलं रातवा. रात्री फिरणारा पक्षी असतो तो.

शेडच्या कोपऱ्यात वसंता बसायचा, घिवलीचा. मशीनवर कागद तुटला की त्याचं टोक हातानं धरून तापलेल्या रोलांवर पुन्हा चढवावं लागतं. त्या कामात वसंतासारखा हात कुणाचा नव्हता. त्याच रोलांनी त्याची उजव्या हाताची तीन बोटं नेली. तेव्हापासून तो सॉर्टिंगमध्ये, हलक्या कामावर. उजवा हात टॉवेलात गुंडाळून डाव्यानं पिना काढायचा. बोलायचा नाही, मशीनच्या दारापर्यंतही जायचा नाही.

मोठे साहेब मला म्हणाले, "ऑपरेटर को बिठाके रखने के लिए ये धरमशाला है क्या? इस महिने में मशीन पे, नहीं तो हिसाब."

मी वसंताला सांगितलं. तो म्हणाला, "हिसोब करा. आता माजा काय उपेग?"

मला भयंकर राग आला. त्याचा नव्हे, कुणाचा, ते मात्र कळेना.

वाचनाच्या पहिल्या दिवशी तो आमच्याकडे पाठ करून बसला होता. बटणाचं पान आलं तेव्हा त्याचा डावा हात थांबला. पुढच्या दिवशी तो आमच्याकडे तोंड करून बसला होता.

आणि गोष्ट ऐन मोक्याला तुटली. रातवा गच्चीच्या कठड्याजवळ उभा, मुखवटा काढून हातात घेतलेला, आणि पुढची पानंच नाहीत. बायकांनी सगळे गठ्ठे उपसले. पल्पर पुन्हा उपाशी.

"संपलं," मी वैतागून म्हणालो. "मुखवटा टाकून घरी गेला असेल."

"बरा झाला," जानकी म्हणाली. "लई हाल झाले बिचाऱ्याचे."

"घरी जाऊन काय करील?" कोपऱ्यातून आवाज आला. वसंता बोलत होता. "त्याला दुसरा काम तरी येतो काय? मारामारी नाय जमनार, कबूल. पन गच्चीवर हुबा तर राहील ना? कोन कुठं फसतो हाय ते त्याच्याएवडा कोनाला कळनार? वरून हाळी देईल."

जानकीनं हातातली पीन खाली टाकली. "मंग तू इथं पिना कशाला काडतोस?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता मशीनच्या दारात उभा होता. घामानं शर्ट भिजला होता. म्हणाला, "सायेब, ह्या आवाजात हाळी कोन ऐकनार? मना शिट्टी द्या."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो.

"शिट्टी बजाने के लिए ऑपरेटर?"

"नव्या पोरांना कागद चढवायला तोच शिकवेल. कुणाचा हात आत जायला लागला की शिट्टी. शिट्टी झाली की मशीन बंद."

"और प्रॉडक्शन?"

"बोटं शोधायला मशीन बंद ठेवतो, त्यापेक्षा कमीच जाईल, साहेब."

ते गप्प बसले. आमच्याकडे त्याला मंजुरी म्हणतात.

मी मिल सोडेपर्यंत त्या रोलांत कुणाचा हात गेला नाही. शिट्टी ऊठसूट वाजते म्हणून पोरं वसंताला शिव्या घालायची आणि डबा त्याच्याच शेजारी बसून खायची.

बऱ्याच महिन्यांनी एक गठ्ठा तपासताना तोच काळा मुखवटा दिसला. शेवटची पानं होती. रातवा मुखवटा साथीदाराच्या थडग्यावर ठेवतो आणि बस पकडून शहर सोडून जातो. शेवटच्या चौकटीत नुसती रिकामी गच्ची. चित्र असं की नजर हटू नये.

"काय गावला, सायेब?" जानकीनं लांबून विचारलं.

"काही नाही. रद्दी."

पानं मी स्वतःच्या हातानं पल्परमध्ये सोडली. जीव तुटला, खोटं कशाला सांगू. पण सॉर्टिंगचा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात : ज्यानं पुढचा माल बिघडेल, ते वेळीच बाजूला काढायचं.