वरवंडच्या मोरीवरचा जॅक

शेखलाल दौंडच्या रेल्वे शेडमध्ये सहा वर्षं खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा कामगार होता. नंतर त्यानं वरवंडला, सोलापूर रस्त्यावर, ट्रकदुरुस्तीचं छपराचं दुकान टाकलं. माणूस अबोल, पण हत्यार कुणी वेडंवाकडं ठेवलं की चिडायचा.

त्रेसष्ट सालच्या मार्गशीर्षात, सकाळी दहाच्या सुमाराला, खडीचा ट्रक गावाजवळच्या ओढ्याच्या मोरीवर एका बाजूला कलला. मागचं चाक खचलं आणि हौद्याची कड रस्त्याच्या कामावरच्या हौसरावाच्या पायावर आली. पंधरा माणसांनी पहारी लावल्या, पण ट्रक हलेना. खडी उपसायला घेतली, तर ट्रक आणखी कलायला लागला.

शेखलाल तेलाचा जॅक घेऊन धावत आला. घागरीएवढाही नव्हता तो.

"एवढ्याशानं काय व्हणार रं?" म्हाताऱ्या भिमाजीआबांनी विचारलं.

"आबा, आधी चाकांना दगड लावा."

त्यानं जॅकखाली जाड फळी घातली आणि दांडा मारायला सुरुवात केली. ट्रक करकरला. बोटभर उचलला, दोन बोटं उचलला. तेवढ्या फटीत माणसं दगड सारत होती. मग दांडा नुसताच हलू लागला. ट्रक वर जाईना.

शेखलालनं वाकून बघितलं. जॅकमधलं तेल कमी झालं होतं, आत हवा शिरली होती.

"वहिनी, घरी तेल हाय का?"

हौसरावाची बायको पुतळाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "गोडंतेल हाय!" म्हणत ती पळाली. घर हाकेच्या अंतरावर होतं. ती बरणीच घेऊन आली.

ट्रक दगडांवर टेकला होता. शेखलालनं जॅक खाली बसवला, बूच काढून तेल ओतलं, दांडा मारून हवा घालवली.

"ह्या तेलानं उचलंल?" आबा म्हणाले.

"तेल दाबून दबत न्हाई, आबा. बारक्या दट्ट्यावर दाब दिला की तोच दाब मोठ्या दट्ट्यावर सगळीकडं पडतो. तो रुंद, म्हणून जोर लई. फक्त दांडा लई येळा मारावा लागतो."

त्यानं मोजले नाहीत, पण दीडशे तरी दांडे मारले असतील. कड चार बोटं वर गेली. दोघांनी हौसरावाला काखेत हात घालून बाहेर ओढलं. तो ओरडला, आणि त्याच्या ओरडण्यानं सगळ्यांच्या जिवात जीव आला.

रस्त्यानं चाललेली एक जीप थांबवून त्याला दौंडच्या दवाखान्यात नेलं. शेखलाल मात्र घरी जाऊन ओट्यावर बसून राहिला. बायको मेहरुननं ताट वाढलं, तर त्याला घास गिळवेना.

दुपारच्या एसटीनं जीपमधून सोबत गेलेला पुतळाबाईचा भाऊ ज्ञानू परत आला. "हाड मोडलंय, पण पाय वाचला! डाक्टर म्हनले, पोळ्यापातूर चालंल."

शेखलालनं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग आत बघून म्हणाला, "मेहरुन, कालवण गरम कर गं. लई भूक लागलीय."