वायर दिसली की दर निम्मा

नवऱ्याचे गुडघे गेले तसा केबलचा धंदा वायरबाईने अंगावर घेतला. कमरेला पक्कड, खांद्यावर निळ्या वायरचं वेटोळं. कोणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की ही गच्चीवर हजर. जाताजाता कोणाच्या सुनेचं कोणाशी बिनसलंय तेही सांगून जायची, आणि खोटं कशाला बोला, निम्मी गिऱ्हाईकं त्या बातम्यांसाठीच तिला धरून होती.

मग मोठी कंपनी आली आणि वायरबाईच्या दोन्ही गल्ल्यांत तिने दर एकदम निम्म्यावर आणला. बातम्या गोड, पण बचत त्याहून गोड. गिऱ्हाईकं भराभर गळाली. कंपनीचा साहेब धंदा विकत घ्यायची बोलीही करून गेला.

"अगं, देऊन टाक," नवरा म्हणाला. "एवढं स्वस्त आपल्याला जमणार आहे का?"

"देते हं. आधी माझे हातपाय गळू देत."

त्याच दुपारी रस्त्यापलीकडची नणंद आली. ही बाई दुखण्यावर फुंकर घालायला येते आणि निखारा फुलवून जाते.

"वहिनी, मजा आहे बाई तुमच्या गल्लीची! आमच्याकडे हीच कंपनी दुप्पट घेते."

"हीच? चॅनलंही हीच?"

"हीच. कुरकुर केली तर म्हणतात, नको तर बंद करा. आमच्याकडे दुसरं आहे कोण?"

वायरबाईचा चहा कपातच निवला.

दुसऱ्या दिवशी तिने रस्त्यावरून थेट नणंदेच्या गच्चीपर्यंत वायर ताणली. एका घरासाठी! कंपनीच्या माणसाने ती निळी वायर झुलताना पाहिली मात्र, आठवड्याच्या आत त्या गल्लीचाही दर निम्मा.

गल्ली खूश. वायरबाईकडे मात्र कोणी फिरकलं नाही. कहर म्हणजे खुद्द नणंदही कंपनीकडेच राहिली.

"वन्सं, लाजबीज विकून खाल्लीत का?" नणंदेच्या गच्चीवर उभी राहून वायरबाईने विचारलं.

"रागावू नका ना वहिनी. वायर तेवढी राहू दे वर. ती दिसते म्हणून तर स्वस्त झालंय."

"म्हणजे मी बुजगावणं! दाणे तुम्ही खाणार आणि उन्हात मी उभी?" तिने पक्कड काढली. "कापते."

खाली गल्ली गोळा झाली.

"अहो, कापू नका!" इस्त्रीवाला ओरडला. "उद्या परत दुप्पट करतील."

"करू देत की. माझ्या घरी येतंय का तुमचं बिल?"

"मग आम्ही करायचं काय?"

"माझं कनेक्शन घ्या. त्यांच्याहून थोडं महाग आहे, आत्ताच सांगते. पण मी गेल्यावर जे भराल, त्याहून स्वस्त."

"ही दादागिरी झाली!" कोणीतरी म्हणालं.

"झालीच. बोला."

इस्त्रीवाल्याने हात वर केला. मग त्याच्या शेजारणीने. होता होता निम्मी गल्ली आली. नणंद सर्वांत शेवटी, तोंड वाकडं करून.

साहेब पुन्हा दारात. या वेळची बोली ऐकून नवरा खुर्चीत सरळ बसला.

"विचार करा बाई. निम्म्या दरात आम्ही कितीही दिवस काढू शकतो."

"तीन गल्ल्यांत काढाल. सगळ्या शहरात काढाल का?"

साहेब नवऱ्याकडे वळला.

"शाळेमागची वस्ती अजून दुप्पटच भरते ना? तिकडेच निघालेय." वेटोळं खांद्यावर टाकून ती उंबऱ्याबाहेर पडली. "तुम्ही बसा निवांत, यांच्याशी बोला. यांना तुमचं सगळं पटतं."