ऐकू न आलेला बेल्ट

नारायण पेठेतल्या छोट्याशा दुकानात अवधूत बेहेरे यांनी उभं आयुष्य हार्मोनियमच्या पेट्या सुरात जुळवण्यात घालवलं. एखादा सूर केसाएवढा चढला असला तरी ते दारातूनच सांगायचे. त्यामुळे कानाच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मध्यंतरी एक बाई म्हणाल्या, "तार सप्तकातला गंधार थोडा थरथरतोय." अवधूतरावांनी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. "मग आपणच जुळवा. मी बसतो शिकायला." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

गाडीच्या आवाजाचा विषय पहिल्यांदा त्यांच्या बायकोने, हेमाताईंनी काढला.

"अहो, सकाळी गाडी चालू केली की केवढी किंचाळते! अख्ख्या सोसायटीला ऐकू जातं. एसी लावला की जास्तच."

"मी आत बसलेला असतो. मला नाही ऐकू येत, आणि सोसायटीला येतं?"

तरीही हेमाताईंनी त्यांना कर्वेनगरातल्या संभाजीच्या गॅरेजवर नेलंच. संभाजीने बॉनेट उघडून टॉर्चचा उजेड आत टाकला.

"काका, हा बेल्ट बघा. ह्याच्यावरच अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंग, एसी, सगळं फिरतं. आतून आडव्या भेगा पडल्यात, कडेचे धागे सुटलेत. आणि ही बाजू काचेसारखी चकाकतेय, म्हणजे बेल्ट घसरतोय. आवाज त्याचाच आहे. आता बदलायलाच हवा."

"कसला आवाज? कर बघू चालू."

संभाजीने गाडी चालू केली आणि बेल्ट किंचाळला. शेजारच्या पानवाल्याने वळून पाहिलं. अवधूतराव हाताची घडी घालून शांत उभे होते.

"कुठाय?"

संभाजीने हेमाताईंकडे पाहिलं. हेमाताईंनी मान खाली घातली. नवऱ्याला ऐकूच येत नाहीये, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पण ज्याने कानावर नाव कमावलं त्याला हे चारचौघांत कसं सांगायचं? अवधूतरावांनी बेल्ट न बदलताच गाडी काढली, त्या मागे जाऊन बसल्या. घरी गेल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता तेही राहून गेलं. पुढे त्यांना ह्याचीच सर्वांत जास्त टोचणी लागली.

अवधूतरावांचे जुने स्नेही नागोराव बायको गेल्यापासून गायलेच नव्हते. त्यांच्या साताऱ्याकडच्या जन्मगावी देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा गावकऱ्यांच्या आग्रहाखातर ते एकदाचे तिथे गायला तयार झाले. अट एकच होती, पेटीला अवधूत हवा. नागोरावांनी महिनाभर रियाज केला. त्यांची मुलगी राधा सांगायची, बाबा पहाटे उठून खर्ज लावतात, घरात पुन्हा जीव आल्यासारखं वाटतं.

कार्यक्रमाच्या सकाळी नागोराव, अवधूतराव आणि हेमाताई असे तिघं अवधूतरावांच्या गाडीने निघाले. कात्रजचा जुना घाट अर्धा चढून झाला आणि बॉनेटखाली काहीतरी फाडकन आपटलं. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, एसीतून गरम वारा यायला लागला.

"थांबवा हो," मागून हेमाताई म्हणाल्या.

"बोगद्यापलीकडे उतारच आहे. जाईल."

गाडी बोगद्यापर्यंतही गेली नाही. बेल्ट तुटल्यामुळे पाण्याचा पंप बंद पडला होता. तापमानाचा काटा वर चढला, बॉनेटमधून वाफ फुसफुसायला लागली आणि इंजिन बसलं. हेमाताई फोन लावत राहिल्या. एक टॅक्सीवाला घाटात यायला तयार होईना, दुसऱ्याने होकार देऊन नंतर रद्द केलं. शेवटी एकजण आला, तोवर गावातून निरोप आला होता की मंडळी फार वेळ थांबू शकली नाहीत, दुसऱ्या गवयाला बसवलंय. नागोराव कठड्यावर, उन्हात, शालीची घडी मांडीवर ठेवून बसले होते.

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले. चिडले असते तर अवधूतरावांना बरं वाटलं असतं.

गावाने पुन्हा बोलावलं होतं, दिवाळीनंतर. पण गणपतीतच नागोरावांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

त्यानंतर हेमाताईंनी मन घट्ट करून नवऱ्याला कान तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाल्या, "वरचे सूर ऐकू येत नाहीयेत, काका. हळूहळू गेलेत. बरीच वर्षं झाली असतील." बाहेर आल्यावर अवधूतराव एवढंच म्हणाले, "म्हणजे इतक्या पेट्या मी चुकीच्या जुळवल्या." त्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं. संभाजीने नवा बेल्ट टाकला, इंजिनाचं कामही केलं, पण अवधूतरावांनी गाडी विकून टाकली.

आता ते गुरुवारी रिक्षाने नागोरावांकडे जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा कानात ऐकण्याचं नवं यंत्र होतं. राधाने चहा आणून पुढे ठेवला. त्यांनी मित्राचा चांगला हात हातात घेतला.

"नागोराव, माझ्यामुळे तुझं गाणं राहिलं रे. सगळे सांगत होते, मी ऐकलं नाही."

नागोरावांचे ओठ हलले. घशातून नुसती घरघर आली. अवधूतराव पुढे झुकले, यंत्र चाचपलं, पुन्हा ऐकलं. त्यांना काही उमगेना. त्यांनी कासावीस होऊन राधाकडे पाहिलं.

"काय म्हणतोय?"

"चहा घ्या म्हणतायत, काका," राधा म्हणाली. "गार होतोय."