त्र्याण्णव की पंचाण्णव

सेल्लोआने त्सोतेत्सी गाडी शिकली तेव्हा तिला नातवंडं झाली होती. हौसेनं शिकली म्हणावं तर तसं काही नव्हतं. नवऱ्याच्या साखरेनं आधी त्याचे डोळे अधू केले, मग मूत्रपिंडं खाल्ली. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला जोहान्सबर्गच्या सरकारी इस्पितळात मशीनला लावायचं ठरलं. सेबोकेंगच्या घरून तिथं जायला तासभर लागतो. मिनीबस-टॅक्सीच्या रांगेत, गर्दीत त्याला उभं राहवेना, आणि मुलगी मोसा दूर केपटाउनला. अंगणात पांढरी टोयोटा उभी होती. ती चालवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर मोठमोठ्या पातेल्यांत मक्याच्या पिठाचं घट्ट पाप ढवळलेले तिचे हात. त्या हातांना स्टिअरिंग जड गेलं नाही. जड गेला तो शेजारच्या सीटवरचा नवरा.

मोएकेत्सी त्सोतेत्सी हा पोलाद कारखान्याच्या डायरेक्टरचा ड्रायव्हर. तरुणपणी लागला तो निवृत्त होईपर्यंत तिथंच. साहेब मागे बसून पेपर वाचायचा आणि ड्रायव्हरनं तोंड उघडायचं नाही, असा तो जमाना. उघडायचं ते एकाच ठिकाणी, पेट्रोलपंपावर. तिथं काच खाली करून मोएकेत्सी म्हणायचा, "भारीतलं. टाकी फुल." पंपावरचा माणूस टोपीला हात लावून पळायचा. त्या गाडीत बसून मोएकेत्सीनं दिलेला तेवढा एकच हुकूम. निवृत्तीनंतर त्यानं स्वतःची गाडी घेतली, जुनी पण ठणठणीत, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की हिच्या पोटात पंचाण्णव नंबरचं पेट्रोलच जाईल. त्र्याण्णव गरिबाचं, ते गरिबानं घालावं. आपण कोण, हे त्यानं त्या वाक्यात सांगितलं नाही आणि सेल्लोआनेनंही विचारलं नाही.

तर आता ती चालवायची आणि तो शेजारी बसून गाडी ऐकायचा. डोळे गेले तसे त्याचे कान जास्तच टवकारले होते. "तिसरा टाक. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, ते काय पायपुसणं आहे का? मोसाची आई, इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का तुला?" पहाटे अंधारात उठून आंबलेली पेज करायची, त्याला घोंगडीत गुंडाळून गाडीत बसवायचं, कोळशाच्या धुरातून आणि ट्रकांच्या मागून शहर गाठायचं. चार तास बाकावर बसायचं. मग पिळून निघालेला माणूस परत आणायचा, वाटेत त्याला मळमळलं की थांबायचं. मंगळवारी धुणी. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनेला ती जायची आणि डोळे मिटताच झोपून जायची. बायका तिला उठवत नसत.

एका रविवारी तिची बहीण आणि मेहुणा जेवायला आले. मेहुणा सेआबाता सासोलबर्गला तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत कामाला. बोलता बोलता पेट्रोलचा विषय निघाला, आणि मोएकेत्सीनं पंचाण्णवचे गोडवे गायला सुरुवात केली. गाडी कशी लोण्यासारखी पळते, टाकी कशी पुरते, इंजिन कसं स्वच्छ राहतं.

सेआबाता शांत माणूस. हाड चोखून झाल्यावर म्हणाला, "न्ताते, तुम्ही वडीलधारे, राग मानू नका. तो आकडा ताकदीचा नाहीच मुळी. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं. दाब सोसला नाही की ते ठिणगीची वाट न बघता आपलं आपण पेटतं आणि मग खडखड वाजतं. आकडा मोठा म्हणजे जास्त सोसणारं, एवढंच. आपण राहतो पठारावर. इथं हवा पातळ, दाबच कमी. तुम्ही डर्बनला समुद्रावर गेलात तर घाला पंचाण्णव. इथं तुमच्या गाडीला त्र्याण्णव घातलं तरी तिला कळणार नाही."

"तू पेट्रोल बाटलीत बघतोस," मोएकेत्सी म्हणाला. "मी रस्त्यावर बघितलंय."

"ते खरंच. नव्या टर्बोवाल्या गाड्यांचं वेगळं असतं, ते मी म्हणत नाही. तुमच्या या गाडीचं म्हणतोय."

"माझ्या गाडीचं मला सांगायला अजून कुणी जन्माला आलेलं नाही."

बहिणीनं पालेभाजीचं भांडं पुढे सरकवलं आणि विषय तिथंच संपला. पण सेल्लोआनेच्या डोक्यात तो संपला नाही. भांडी घासताना तिला वाटलं, एवढं तरी आपण बघू. फरक काही फार पैशांचा नव्हता. महिनाभरात एखाद्या वेळचं मटण सुटलं असतं, इतकाच. तिचं म्हणणं निराळं होतं. मशीन कधी, किती वेळ, हे डॉक्टर ठरवायचे. त्यानं काय खायचं, किती घोट पाणी प्यायचं, हे भिंतीवरचा कागद ठरवायचा. गियर कुठला टाकायचा, ते तो. तिच्याकडे ठरवायला काही उरलंच नव्हतं, आणि पंपावर मात्र ती एकटी उतरायची.

हिवाळा लागला तेव्हा तिनं पहिल्यांदा त्र्याण्णव भरलं. मोएकेत्सी गाडीत बसला होता, काच बंद. पंपावरच्या माणसानं नळी उचलताना भुवई उंचावली. ती हळूच म्हणाली, "हो, तेच."

त्या सकाळी चढावर गाडी तिला जड वाटली. आता हा ओळखणार, असं वाटून तिनं कान त्याच्याकडे लावले आणि तो आपला गाडीकडे लावून बसलेला. काहीच झालं नाही. वारा समोरून होता, एवढंच. संध्याकाळी परतताना तीच गाडी हलकी झाली. तिनं महिनाभर त्र्याण्णव भरलं, पुढचा महिना पंचाण्णव, मग पुन्हा त्र्याण्णव. रस्ता तोच, माणसं तीच, पंपही तोच, आणि नळी आपोआप थांबेपर्यंतच भरायचं. टाकीचा दिवा लागेपर्यंत इस्पितळाच्या फेऱ्या किती होतात, एवढंच ती बघायची. दोन्हींवर फेऱ्या सारख्याच झाल्या. चढावर तोच गियर, थंडीत सुरू व्हायला तेवढाच वेळ, आणि ट्रकला मागे टाकताना तीच धाप. खरं सांगायचं तर ती थोडी खट्टू झाली. इतकी वर्षं तो जे सांगत आला त्यात काहीतरी असावं, असं तिला मनातून वाटत होतं.

मग ती त्र्याण्णववरच राहिली. सांगायचं म्हणून ठरवायची आणि सांगायची नाही. एकदा उतारावर गाडी झरझर निघाली तेव्हा तो समाधानानं म्हणाला, "बघ. याला म्हणतात पंचाण्णव." तो असं काही आनंदानं बोलायचा ते आता इतकं क्वचित, की त्यावर पाणी कोण ओतणार?

इस्पितळात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर रामाएमा नावाचे एक म्हातारे असत. खाणीत राबून झिजलेले, पण गप्पिष्ट. त्यांना त्यांचा जावई खटारा पिकअप गाडीतून आणायचा. रात्रपाळी करून थेट स्टिअरिंगवर यायचा आणि मग बाकावर सेल्लोआनेच्या शेजारी बसल्या बसल्या घोरायचा. एका सोमवारी तो जागा होता. कपाळ चोळत, आईला हाक मारावी तसं म्हणाला, "म्मे, तुमच्या मालकांनी आमच्या म्हाताऱ्याला वेड लावलंय. म्हणे पंचाण्णवच घाल. त्सोतेत्सीची गाडी बघ कशी चालते, त्याचा कान खोटा सांगणार नाही. मी घालतोय आता. फरक काही पडेना, पण न घातलं तर घरी येईपर्यंत बोलणी खातो."

"केव्हापासून घालताय?" तिनं विचारलं.

"झाले की दोन-तीन महिने. असू द्या. सासरे आहेत, अजून किती दिवस त्यांचा हट्ट." तो हसला आणि बुटाच्या नाड्या सोडून त्यानं पाय पसरले. बुटाचा तळ निघून आला होता.

त्या दिवशी तिला बाकावर बसवेना. कॉरिडॉरमधून दोन खेपा घातल्या. स्वतःच्या घरात गप्प बसणं वेगळं. इथं तिच्या गप्प बसण्याचा भुर्दंड दुसऱ्याच्या झोपेतून आणि बुटातून वसूल होत होता. तिला थकवा आला, आणि हा दिवसभर चालणारा थकवा नव्हता. आणखी एक ओझं आता उचलायलाच हवं, हे कळल्यावर येणारा तो.

परतताना मोएकेत्सीला मळमळलं. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला, जळून काळ्या झालेल्या माळाशी थांबवली. त्याला दाराशी धरलं, तोंड पुसलं, चोखायला थर्मासमधला बर्फाचा एक खडा दिला. मग गाडी सुरू न करता ती बसून राहिली.

"काय झालं? किल्ली फिरव," तो म्हणाला.

"मोसाचे बाबा, गाडीत त्र्याण्णव आहे."

"चुकून भरलं?"

"नाही. मीच भरते. सेआबाता जेवायला आला होता ना, त्यानंतर हिवाळा लागला तेव्हापासून. मधे एक महिना पंचाण्णव भरून पाहिलं. काही फरक नाही. आणि तुमच्या शब्दावर तो रामाएमांचा जावई बिचारा पदरचे घालतोय."

एक ट्रक गेला, गाडी हलली. मग तो म्हणाला, "मी इथंच बसलेलो होतो."

"हो."

"आणि मला कळलं नाही."

ती म्हणू शकली असती की कळण्यासारखं काही नव्हतंच, कुणालाच कळलं नसतं. तिनं तसं म्हटलंही, पण तिच्याच कानाला ते पोकळ लागलं. राग आला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. घोंगडी छातीशी ओढून त्यानं मान खिडकीकडे वळवली. त्या बाजूला त्याला आता नुसता उजेड दिसायचा. तिनं गाडी सुरू केली. घरापर्यंत त्यानं एकही गियर सांगितला नाही.

बुधवारी तो पेजेवरही बोलला नाही. सेल्लोआनेला वाटलं, आता हे असंच राहणार. इस्पितळात नर्सनं त्याला खुर्चीवर बसवलं, नळ्या लावल्या. सेल्लोआने त्याची घोंगडी पायांवर सारखी करत होती, तेवढ्यात तो शेजारी वळून मोठ्यानं म्हणाला, "रामाएमा, जागा आहेस का?"

"अजून तरी आहे," म्हातारे म्हणाले.

"तुझ्या जावयाला सांग, त्र्याण्णव घाल म्हणावं. मी सांगितलं ते चूक होतं."

"आं? आणि तुझा कान?"

"कान म्हातारा झाला. माझ्या बायकोनं दोन्ही घालून पाहिलं, महिना महिना. ती म्हणते ते खरं. मी तिच्या शेजारी बसून मूर्खासारखा वाहवा करत होतो."

म्हातारे खो खो हसले आणि त्यांना खोकला लागला. नर्सनं दटावलं. समोरच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, निदान एका पुरुषानं तरी कबूल केलं, लिहून ठेवा कुणीतरी. मोएकेत्सी हसला नाही, पण चिडलाही नाही. सेल्लोआनेकडे न बघता त्यानं हात पुढे केला. घोंगडीचं टोक मागत असेल असं समजून तिनं ते त्याच्या हातात दिलं. त्यानं टोक सोडून तिचं मनगट धरलं, थोडा वेळ, आणि मग सोडून दिलं.

त्यानंतर दोघांत काही गोड घडलं असं नाही. दुखणं होतं तिथंच राहिलं, रस्ता तेवढाच राहिला. एक मात्र झालं, गाडीत तो शिकवेनासा झाला. तिनं चढावर मुद्दाम उशिरा गियर बदलला, इंजिन कण्हलं, तरी तो गप्प. या शांततेची तिनं वर्षभर वाट पाहिली होती आणि आता ती तिला खायला उठायची. एकदा न राहवून तिनं विचारलंच, "इथं दुसरा टाकू का?"

"तुला येतं गं आता," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. म्हणून तर तिला ते लागलं.

रामाएमांचा जावई तिला पुढच्या आठवड्यात भेटला. त्यानं कागदात गुंडाळलेले दोन गरम माग्विन्या, तळलेल्या पिठाचे गोळे, तिच्या मांडीवर ठेवले, शेजारी बसला आणि घोरू लागला. तिनं एक खाल्ला. दुसरा नवऱ्यासाठी ठेवावा असं वाटलं, पण भिंतीवरच्या कागदात ते बसत नव्हतं, म्हणून तोही तिनंच खाल्ला.

वसंताच्या सुरुवातीच्या एका शुक्रवारी परत निघाले तेव्हा शहराबाहेर पडेपर्यंत मोएकेत्सीचं डोकं खांद्यावर कललं. आधी ती घाबरली, मग तिला त्याचा श्वास ऐकू आला. तो झोपला होता. लग्नापासून आजवर दुसऱ्याच्या हातात चाक असताना या माणसानं पापणी मिटलेली तिनं पाहिली नव्हती; बसमध्येसुद्धा तो ड्रायव्हरच्या मानेकडे बघत ताठ बसायचा. पुढे कोळशाचा ट्रक रखडत चालला होता. त्याला मागे टाकायचं तर गियर उतरवावा लागला असता आणि इंजिन ओरडलं असतं. ती त्याच्या मागेच राहिली. मागच्यांनी भोंगे वाजवले, दिवे मारले, आणि एकेक करून पुढे निघून गेले.

घरी पोचल्यावर तिनं गाडी अंगणात अलगद उभी केली, किल्ली बंद केली आणि त्याला उठवलं नाही. शेजारीण कुंपणावरून विचारायला आली, सगळं ठीक ना. सेल्लोआनेनं ओठांवर बोट ठेवलं. तारेवरचे कपडे वाळून कडक झाले होते, ते काढायचे होते. पाप टाकायचं होतं, औषधं काढायची होती. तिनं पायातले बूट काढले, सीट थोडी मागे केली आणि त्याच्या शेजारी तीही बसून राहिली. ऊन काचेवरून सरकत गेलं. थोड्या वेळानं तिलाही डोळा लागला.