पावसच्या गोदामातली प्रत

अगो, जवळ येऊन बस म्हणायचं, तर तू पुण्यात. निदान हातातला फोन बाजूला ठेव आणि ऐक. तुझ्या आईचे फोटो फोनमधून पुसलेस, ते कॉम्प्युटरवरूनही गेले, म्हणून परवा रडलीस. "दोन ठिकाणी आहेत, मावशी, काळजी नको," असं तूच मला सांगायचीस ना? एवढी शिकलेली तू. जास्त बोलत नाही, कारण हेच मीही करून बसलेय, आणि तेही ऑफिसात.

आंबा बागायतदारांच्या संघात मी पेट्यांवर नावं लिहायला लागले होते. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्या बायका लांब राहिल्या. मी बघून बघून शिकले आणि बागांची नोंदणी माझ्याकडे आली. बाग कुणाची, सर्व्हे नंबर कुठला, फवारणी कधीची. ही नोंद नसेल तर पेटीवरचं लेबल छापलं जात नाही, आणि लेबलाशिवाय पेटी परदेशच्या मालात जात नाही.

एक मशीन आमच्याकडे रत्नागिरीत, दुसरं पावसच्या गोदामात. इथे ओळ लिहिली की त्याच क्षणी तिथे उमटायची. चिपळूणहून येणाऱ्या इंजिनिअर मॅडमनी तसं बसवलं होतं. एकदा वीज पडून इथलं मशीन गेलं, तर दिवसभर पावसवरून काम चाललं, एक नोंद हरवली नाही. तेव्हापासून मी निर्धास्त. शिवाय मॅडम तासातासाला सगळ्या नोंदींची त्या वेळची प्रत वेगळी काढून ठेवायच्या. "उगाच जागा खाते, बंद करा," मी म्हटलं होतं. "बघते, काकी," म्हणाल्या.

ऐन हंगामात एका सकाळी मी यादी साफ करायला घेतली. एका गावात तेच नाव, तेच आडनाव, तोच सर्व्हे नंबर, पाच पाच वेळा. कुणीतरी पुन्हा पुन्हा भरलंय असं समजून एकेक ठेवलं, बाकीचं पुसलं. आपल्याकडे आजोबांचं नाव चार नातवांना ठेवतात आणि बाग सामाईक असते, हे मला माहीत नव्हतं का? पण वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा, आणि मी घाईत.

दुपारी त्यातलेच एक आजोबा टेम्पोतून पेट्या घेऊन आले. ट्रक चारला सुटायचा. लेबल निघेना.

"बाग सापडत नाही, आजोबा."

"काल तर तिथेच होती, बाय. गडी झाडावर चढलेत, त्यांना काय सांगू?"

मी पावसला फोन लावला. तिथले चाचा म्हणाले, "इथेही नाही, काकी. तुम्ही तिकडे शिंकलात की इकडे सर्दी होणार, तुम्हीच सांगितलेलं ना?"

आजोबांची हंगामातली ती सगळ्यात मोठी तोड होती, आणि पुढचा ट्रक आठवड्याने. तोवर फळ पिकून गेलं असतं.

मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "पावसचं मशीन चूक-बरोबर बघत नाही, काकी. तुमचं जळलं तर ते कामाचं. पुसलेलं मात्र तेही पुसतं. तुम्ही पुसलंत कधी?"

"साडेअकराच्या सुमारास."

"मग अकराची प्रत आहे. ती वेगळी उघडू."

मी बंद करायला सांगितलेलीच ती प्रत. त्यांनी तिकडूनच त्या प्रतीतून फक्त त्या गावाच्या नोंदी परत घातल्या, म्हणजे नंतर भरलेलं बाकीचं जागच्या जागी राहिलं. साडेतीनला लेबलं निघाली. आजोबा पेट्या चढवून परत आत आले आणि म्हणाले, "आता माझ्या बापाचं नाव पण घाल." तिथेच घातलं. मग उरलेल्या सगळ्यांची घालायला मला पुढचे दोन आठवडे लागले.

त्या दिवसापासून मी घरीही एक प्रत कशालाच न जोडता ठेवते. आईचे फोटो तू मला पाठवायचीस ना? दर दिवाळीला मी ते एका डिस्कवर उतरवून घेते. आरे-वारेच्या किनाऱ्यावर ती पाण्यात उभी राहून तुझ्यावर ओरडतेय, तोही आहे त्यात. डिस्क कपाटात, साड्यांच्या खाली आहे. पोस्टाने पाठवणार नाही, हरवली तर दुसरी नाही. न्यायला तूच ये, या शनिवारीच ये.