राणीसावरगावचा तवा

गंगाखेडहून काळी-पिवळीनं (प्रवासी जीपनं) राणीसावरगावला निघालो, तेव्हा माझी पिशवी सारखी खणखणत होती. आत साखळी बांधलेली हलगी, खिळे अडकवलेला डग्गा आणि भंगारातल्या सळया, पत्रे, झाकणं. एकट्यानं वाजवायच्या तालरचना करणं हा माझा उद्योग. संध्याकाळी गंगाखेडला कार्यक्रम होता आणि रचनेचा शेवटचा ठोका अजून सापडला नव्हता; तसा आवाज देणारी वस्तू शोधायलाच मी निघालो होतो.

"कल्हई कराया चाललाव का?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"नाही, हे वाजवतो मी."

"मंग कल्हई कोन करतंय?"

गावात उतरलो. चहूकडे काळं रान, त्यात कापूस. दारात शेळ्या बांधलेल्या एका घरी पाणी मागितलं, तर सुमनबाईंनी भाकरी-ठेचाच पुढे ठेवला. मी जेवत असताना त्यांनी रिकामा तवा भिंतीला टेकवला आणि तो 'ढँऽऽग' करून घुमतच राहिला. मी घास हातात धरून उठलो. हाच तो ठोका! ट्रॅक्टरच्या नांगराची जुनी तबकडी होती ती. मधलं भोक वेल्डिंगनं बुजवलेलं, कडेला अडकवायची कडी.

"मावशी, आजच्यापुरता तवा द्याल?"

"आन भाकरी कशावर टाकू? तुमच्या डोस्क्यावर?"

मी फारच गयावया केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "देते. पन मी बी येते संगं. तव्याला एकटं सोडायची न्हाई."

संध्याकाळी गंगाखेडच्या सभागृहात तवा दोरीला टांगला. सुमनबाई पहिल्या रांगेत बसल्या. रचना शेवटाकडे आली आणि मी तव्यावर ठोका दिला.

"हळू!" सुमनबाई ओरडल्या.

दुसरा ठोका जरा जोरात पडला.

"आवो भाऊ, वेल्डिंग निघंल!"

लोकांना वाटलं, हे रचनेतच आहे. ते खूश झाले. मी जोर वाढवला, तशी बाईंची पट्टी चढत गेली. शेवटच्या ठोक्याला त्या सरळ मंचावर आल्या आणि त्यांनी घुमणारा तवा पदरात गच्च गुंडाळला. एकदम शांतता. मग टाळ्याच टाळ्या! इतका नेमका शेवट मला महिनाभर सुचला नव्हता.

जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी वेल्डिंगवर बोट फिरवून पाहिलं. "साबूत हाय. न्हाई तर तुमालाच टांगलं असतं."

पुण्याला परतल्यावर मी तशीच तबकडी मिळवली, भोकही बुजवून घेतलं. ठोका सुरेख घुमतो. वाजवताना "वेल्डिंग निघंल!" असं मीच ओरडतो. लोक सभ्यपणे ऐकून घेतात, पण कुणालाच माझं खरं वाटत नाही. वाटणार कसं? माझी भाकरी थोडीच त्यावर भाजायची आहे? मी डबा लावलेला आहे.